तोळा, घडण आणि खूण

सराफाच्या पेढीवर जुना डाग घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "मोड आहे का?" कोल्हापूरच्या गुजरीत आत्याबरोबर बसले होते तेव्हा हाच प्रश्न आला. आत्यानं पिशवीतून लाल कापडाची घडी काढली आणि गादीवर उलगडली. आत तिच्या लग्नातला साज होता. त्या एका शब्दानं तो साज राहिला नाही, मोड झाला. ठुशी असो, पाटल्या असोत की चपलाहार, मोडीत देताना सगळ्यांची एकच गत होते. लाख, खडे, मोती, दोरा बाजूला निघतो, घट धरली जाते आणि उरलेल्या वजनाला त्या दिवसाचा भाव लागतो. घेताना ज्या घडणावळीसाठी आपण घासाघीस केली आणि शेवटी मुकाट्यानं पैसे मोजले, ती परतीच्या हिशेबात कुठेच नसते.

दागिन्यात मला तीन गोष्टी दिसतात. तोळा म्हणजे धातू, अडीनडीचा आधार. घडण म्हणजे कारागिराचा हात. आणि खूण म्हणजे तो अंगावर असल्यामुळे आपण कोण, कुठल्या, कोणाच्या हे न बोलता कळणं. बाजाराला यातल्या तोळ्याचीच किंमत समजते. समाज खुणेवर लक्ष ठेवून असतो. हौस मात्र बहुतेक वेळा घडणीवर जडते, आणि नेमकी तीच फुकटात जाते. गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव जसा चढला, तशा या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या व्हायला लागल्या आहेत. आजच्या दागिन्यांचा आणि धातुकामाचा आढावा घ्यायचा तर मला तो या सुटण्याच्या अंगानंच घ्यावासा वाटतो.

तोळ्याबद्दल नव्यानं सांगण्यासारखं थोडंच आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा. आज पेढीवर तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात. २०२४ मध्ये भारतानं सुमारे ८०० टन सोनं घेतलं. या ओढीला कोणी अडाणीपणा म्हटलं की मला राग येतो. जमिनीच्या उताऱ्यावर जिचं नाव नव्हतं, बँकेत खातं नव्हतं, तिच्या हातात पाटल्या होत्या. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याची किंवा सासरची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगावं लागलं. याच तोळ्यांची बोली लग्न ठरवताना मुलीच्या बापाच्या गळ्याला फास लावते, तेही खरं आहे. आधार आणि फास एकाच धातूचे आहेत.

धातू म्हणून सोनं काय आहे हे पाहायचं असेल तर गलाईवाल्याच्या दुकानात जावं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली. केरळात, तमिळनाडूत, उत्तरेतल्या लहान लहान शहरांतही सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात घरी मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. त्याच्याकडे मोड येते. ती मुशीत वितळवून तो तिच्यात चांदी मिसळतो, साधारण तिप्पट. ऐकायला उलटं वाटतं, पण सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात इतकी चांदी घालावी लागते, कारण तरच आम्ल आतपर्यंत शिरतं. मग ते नायट्रिक आम्लात तापवायचं. नारिंगी धूर उठतो, छातीत जाणारा, फुप्फुसांना घातक. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि भांड्याच्या तळाशी तपकिरी भुकटी उरते. चमक नाही, पिवळेपणा नाही, ओल्या मातीसारखी. तेच शुद्ध सोनं. विरघळलेल्या चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही करड्या गाळासारखी खाली बसते. भुकटीला टाकणखार घालून पुन्हा मुशीत धरलं की ती एकदम उजळते. त्या तपकिरी भुकटीत कोणाची ठुशी होती आणि कोणाचं मंगळसूत्र, हे सांगणारं काहीही शिल्लक नसतं. हव्यास ज्याला म्हणतात तो या भुकटीचा असूच शकत नाही. ती पाहून कोणाचंही मन हलणार नाही. आपल्याला हवा असतो तो तिला दिलेला आकार, आणि त्या आकाराला आपण दिलेला अर्थ.

अर्थाच्या बाबतीत आपल्याइतका श्रीमंत वारसा थोड्या ठिकाणी असेल. कोल्हापुरी साज घ्या. जवाच्या आकाराचे मणी आणि मधे पानं. सांगण्याची रीत अशी की पानं एकवीस, त्यातली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळांची, दोन माणिक-पाचूची आणि एक मधलं डोरलं. मासा, कासव, शंख, कमळ, भुंगा, बेलपान, चंद्र, नाग, कारलं, वाघनख असं सगळं जग गळ्याभोवती. पातळ पत्रा ठशात दाबून उठवलेला, आत लाख भरलेली. सोनं थोडं आणि सांगणं भरपूर. पायात सोनं घालायचं नाही, कारण सोनं म्हणजे लक्ष्मी. म्हणून पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्या. देहावर कुठला धातू कुठं बसायचा याचंही एक व्याकरण आहे.

खुणा अनादि असतात असा मात्र आपला समज असतो, आणि तो चुकीचा आहे. मराठी बाईची ओळख म्हणून आज जी नथ मिरवली जाते, तिच्याबद्दल पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान प. कृ. गोडे यांनी जुन्या संस्कृत ग्रंथांतले आणि शिल्पांतले पुरावे तपासून दाखवलं, की नाकातल्या दागिन्याचा आपल्याकडचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत सापडत नाही. त्यांच्या मते ती बाहेरून आली. पुतळ्यांची माळ आपण अस्सल आपली मानतो, आणि 'पुतळी' हे आपल्याकडे व्हेनिसच्या डुकॅट नाण्याचं नाव होतं, त्यावरच्या उभ्या आकृत्यांवरून पडलेलं. बाहेरून आलेली वस्तू इतकी आपली होते की तिच्याशिवाय नवरी पुरी होत नाही. यात कमीपणा नाही. दागिना असाच जगतो.

पण खुणेची दुसरी बाजू कोणत्याही दागिन्यांच्या प्रदर्शनात मांडलेली नसते. कोणी कुठला धातू घालायचा हे आपल्या गावांत जात ठरवत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतरच्या त्याच मुक्कामात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्य स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसण्याची तऱ्हा, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंतच्या चांदीच्या किंवा कथलाच्या गोठ-पाटल्या या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असं त्यांनी सांगितलं. भारतातल्या दागिन्यांवरचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात भेदक भाष्य आहे. ज्याला आपण शृंगार म्हणतो तोच लांबून ओळखू येण्यासाठी अंगावर चढवलेला शिक्का असू शकतो, हे त्यांनी त्या बायकांना त्यांच्याच हातांकडे बोट दाखवून समजावलं. आणि त्यांनी ते ऐकलं. अंगावर होतं तेवढं किडूकमिडूक उतरवून ठेवणं किती अवघड गेलं असेल, हे ज्यानं घरातल्या म्हातारीच्या हातातून बांगडी निघताना पाहिली आहे त्याला कळेल.

हे लक्षात ठेवून आजच्या कॉलेजातल्या मुलींकडे पाहा. खणाच्या ब्लाउजवर, सुती साडीवर, कुर्त्यावर जाडजूड काळपट दागिने, 'ऑक्सिडाइज्ड'. चांदी असेल तर गंधकाच्या संयुगानं मुद्दाम काळवंडवलेली. बहुतेकदा जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. घाट पाहावा तर लमाण बायकांच्या अंगावरचा, आदिवासी बायकांच्या गळ्यातला. जी जाडी आणि जो काळेपणा एका पिढीला टाकून द्यावा लागला, तो दुसऱ्या मुलीला आवडीनं निवडता येतो. निवडणं आणि लादलं जाणं यातलं अंतर मोठं आहे. मला या मुलींना नावं ठेवायची नाहीत. एवढंच वाटतं, की हे दागिने विकताना 'ट्रायबल' एवढी एक चिठ्ठी लावून आपण मोकळे होतो, आणि ज्या हातांनी हा घाट जपला त्यांचं नाव-गाव त्या चिठ्ठीत येत नाही.

दागिन्याला सोनं लागतंच का, हा प्रश्न युरोपातल्या काही कलाकारांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फार कडक शब्दांत विचारला. नेदरलँड्समध्ये एमी व्हान लेअर्सम आणि खेइस बाकर यांनी १९६०च्या दशकात ॲल्युमिनियमच्या गळपट्ट्या केल्या. बाकर यांनी १९७३ मध्ये दंडाला बारीक तार घट्ट आवळून बांधली आणि काढली. कातडीवर उठलेला वळ हाच दागिना, असं त्यांचं म्हणणं. म्युनिकमध्ये काम करणारे स्विस कलाकार ओटो क्युन्झली यांनी १९८० मध्ये काळ्या रबरी नळीचं कडं केलं. नळीच्या आत सोन्याचा गोळा आहे, पण बाहेरून दिसतो फक्त फुगवटा. खरंच सोनं आहे का हे पाहायचं तर कडं कापावं लागेल, म्हणजे दागिना संपला. सोनं माणसाला आंधळं करतं, अशा अर्थाचं नाव त्यांनी त्या कड्याला दिलं. विचार म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं. फक्त ते पाहताना दसरा आठवतो. आपल्याकडे वर्षातून एकदा घराघरांत आपट्याची पानं 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणत वाटली जातात. वजन शून्य, बाजारभाव शून्य, आणि तरी ते सोनंच. धातूवाचून खूण उभी राहू शकते हे इथल्या गरिबातल्या गरीब घराला माहीत होतं, कोणत्याही कलादालनाच्या आधीपासून.

धातू आणि खूण यांची सरकारी फारकत करण्याचा प्रयत्नही इथं होऊन गेला. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी झाली. सोनारांच्या शेगड्या विझल्या. कित्येकांनी हत्यारं गुंडाळून मिळेल ते काम धरलं, काहींनी जीव दिला. लोकांनी १४ कॅरेट स्वीकारलं नाही ते नाहीच. पुढे आलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. आता पुढचं पाहा. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्यानं लाखाचा आकडा ओलांडला, आणि त्याच वर्षी ९ कॅरेटच्या दागिन्यालाही अधिकृत हॉलमार्क मिळू लागला. ९ कॅरेट म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं. बावीस कॅरेटला ९१६. कोणी सक्ती केली नाही, कोणाची शेगडी विझवली नाही. कायद्याला जे जमलं नाही ते भावानं करून दाखवलं. ज्या घरात 'पिवळंधमक नसेल तर सोनं कसलं' असं म्हणत, तिथंच आता अठरा कॅरेटचं मंगळसूत्र आवडीनं येतं.

याच ओघात एक ग्रॅम सोन्याचे दागिने आले. मछलीपट्टणजवळचं चिलकलपुडी, राजकोट, मुंबईतलं मालाड ही नकली दागिन्यांची मोठी केंद्रं. तिथून आलेला माल आपल्या प्रत्येक बाजारपेठेत लटकलेला असतो, मोहनमाळ, लक्ष्मीहार, तन्मणी, चिंचपेटी, मागाल ते. लोकलनं प्रवास करणाऱ्या बाईसाठी ही सोय नाही, सुरक्षितता आहे. गळ्यातली साखळी खेचली जाण्याची भीती तिला रोजची आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर नऊवारी नेसून निघालेल्या मुलीच्या नाकातली नथ बहुधा दाबाची असते, नाक टोचलेलंच नसतं. मोती काचेचे, तार पितळेची. आणि तरी त्या दिवशी ती नथ घालून तिची मान ज्या ताठ्यात असते तो खोटा म्हणायला मी तयार नाही. इथं खूण धातूपासून पुरती सुटी झाली आहे आणि तिचं बळ कमी झालेलं नाही.

चैनीच्या वरच्या मजल्यावर नेमकं उलटं घडतं. तिथं खुणेलाच किंमत लावली जाते. २०२१ मध्ये बुल्गारी या इटालियन घराण्यानं भारतासाठी मंगळसूत्र काढलं. अठरा कॅरेट, हिरे, काळा ऑनिक्स, साडेतीन लाखांच्या घरात. त्यातल्या सोन्याचा भाव काढला तर तो या आकड्याच्या आसपासही जाणार नाही. उरलेले पैसे नावाचे. त्याच वर्षी सब्यसाची मुखर्जी यांच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीवरून गदारोळ झाला, मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी चोवीस तासांची मुदत दिली आणि जाहिरात मागे घेतली गेली. भांडण मंगळसूत्र कसं दिसतं यावरून नव्हतंच. ते घातलेल्या बाईची इच्छा उघड दाखवली, हे खुपलं. बाईच्या अंगावरच्या खुणेवर मालकी कोणाची, हा महाडचा प्रश्न शंभरीकडे आला तरी सुटलेला नाही.

हिऱ्यांचं तर विलक्षण झालं आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, तोही कार्बनच. सुरतेत तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा असा हिरा भेट दिला. डी बिअर्स कंपनीनं २०१८ मध्ये प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे दागिने कॅरेटला ८०० डॉलर या दरानं आणले आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव इतके कोसळले होते. वस्तू तीच, चकाकी तीच, दुर्मीळपणा गेला आणि मोल गेलं. हिऱ्याला मोड नसते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या म्हणत, हौस असेल तर घ्या, पण गरजेला सोनंच उपयोगी पडतं.

आता घडणीकडे येते, कारण माझा जीव तिथं अडकला आहे.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथं तांब्याची भांडी घडतात. हंडे, घागरी, बंब. भांडं आकाराला आलं की त्यावर मठारकाम होतं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून, ओळीनं ठोके. हे नक्षीसाठी नव्हतं. ठोक्यानं तांबं घट्ट होतं, पत्रा कडक होतो, हंडा विहिरीच्या काठावर आपटला तरी चेपत नाही. वर उजेड पडला की प्रत्येक ठोक्याचा खळगा वेगळा चमकतो, तो केवळ लाभ. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, बंबाची जागा गिझरनं घेतली आणि आळी ओस पडायला लागली. वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेच्या पुणे शाखेनं डिझायनरांना तांबटांबरोबर बसवलं आणि त्याच मठारकामातून दिव्यांच्या शेड, तबकं, जग तयार झाले. ते आज बंगल्यांच्या दिवाणखान्यात जातात. ताकदीसाठी मारलेला ठोका आता माणसाच्या हाताची खूण म्हणून विकत घेतला जातो. मला हे बदलणं आवडतं. पण बाजार हुशार आहे. दाबयंत्रावर तसेच खळगे उठवलेल्या तांब्याच्या बाटल्या लगेच निघाल्या. त्यांच्यातले सगळे खळगे एकसारखे असतात. हातानं मारलेल्या दोन ठोक्यांत केसभर का होईना फरक पडतो, आणि पारख तिथंच करायची.

दागिन्यांतही यंत्र शिरलं आहे. संगणकावर आराखडा, मेणाचा नमुना, रबरी साचा, मेणाच्या नमुन्यांचं झाड, त्यावर प्लास्टर, भट्टीत मेण जाळून त्या पोकळीत सोनं. एका घाटाच्या हजार प्रती. हलके, पोकळ, दिसायला भरगच्च. यात वाईट काही नाही, कमी पैशांत हौस भागते. माझी तक्रार हिशेबाची आहे. बऱ्याच पेढ्यांवर घडणावळ आता सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत लावली जाते. भाव दुप्पट झाला की घडणावळ दुप्पट. काम तेच, हात तेच. वाढलेली घडणावळ हातापर्यंत पोचते का? झवेरी बाजाराच्या माळ्यांवर बंगालमधून आलेली मुलं जिथं काम करतात तिथंच झोपतात. कोल्हापूरजवळच्या हुपरीला 'चंदेरी नगरी' म्हणतात. तिथं घरोघरी बायका पैंजणांच्या साखळ्या आणि घुंगरं जोडत बसतात, आणि त्यांना मजुरी मिळते ती किलोच्या किंवा नगाच्या मापानं. त्यांच्या मजुरीला चांदीच्या भावाचं वारं लागत नाही. हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आला. शुद्धता किती, कुठं तपासली, कोणी विकलं, सगळं कळतं. घडवलं कोणी, तेवढं कळत नाही. चित्राखाली चित्रकाराची सही असते आणि साजाच्या पानामागे कोणाचं नाव नसतं, ही रीत बदलायला काहीच अडचण नाही. पानामागे बारीक ठसा मारायला जागा असते.

तोळा यापुढे बँकेतच राहायचा असेल तर राहू दे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारनं सुवर्ण रोखे काढले, तेव्हा वजन कागदावरही ठेवता येतं हे दिसलं, जरी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत. मग अंगावर येईल ते सोनं अंगावर का यावं, याचं उत्तर घडणीलाच द्यावं लागेल. आणि असं झालं तर घडणीची किंमत परतीच्या हिशेबातही धरायला हवी. जुना साज पुन्हा साज म्हणून विकत घेणारं गिऱ्हाईक तयार व्हायला हवं, जसं जुन्या पैठणीला आहे.

गुजरीतल्या त्या दुपारी असं गिऱ्हाईक कोणी नव्हतं. आत्याला नातवाच्या फीसाठी पैसे हवे होते. सराफांनी पानं एकेक करून सुटी केली आणि ते तिला म्हणाले, "काकू, लाख जाळली की वजन उतरणार बरं का." आत्या हो म्हणाली. मग तिनं हात पुढे करून त्यातलं मासळीचं पान उचललं. त्याच्या शेपटीला दोन बारीक खळगे होते. सराफांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पान खराब झालंय, असं सांगितलं. आत्या म्हणाली, "खराब नाही. आमच्या थोरल्याचे दात येत होते तेव्हा मांडीवर बसून हेच चावायचा." ते पान तिनं मोडीत दिलं नाही. वीस पानांचं आणि मण्यांचं वजन झालं, पैसे मोजून घेतले आणि आम्ही शेजारच्या पटवेकऱ्याकडे गेलो. त्यानं काळ्या रेशमात ते एकच पान गाठवून दिलं, दोन्ही बाजूंना दोन दोन जवमणी लावून. मणी पितळेचे होते.